बेहालातली भोपळ्याची फुलं

कलकत्त्याहून परत आल्यापासून साताऱ्यात जो तो विचारतो, हावड्याचा पूल पाहिला का, कालीचं दर्शन झालं का, रसगुल्ले खाल्ले का. पाहिला, झालं, खाल्ले. पण पाच आठवडे मी सगळ्यात जास्त वेळ ज्याच्यापुढे बसले तो बेहालातल्या एका सरकारी वसाहतीमागचा भोपळ्याचा वेल होता, आणि तिथून मी परत आले ती रागावून. प्रेक्षणीय स्थळांची माहिती हवी असेल त्यांना माझ्याकडून फारसं काही मिळायचं नाही.

माझा धाकटा भाऊ वसंत केंद्र सरकारच्या एका कचेरीत अधिकारी आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची बदली तिकडे झाली. एकाहत्तर सालच्या सुरुवातीला त्याच्या बायकोचं, कुंदाचं, पत्र आलं. 'वन्सं, मुलांच्या शाळेची प्रयोगशाळा कोणीतरी जाळली. तेव्हापासून शाळा बंद आहे. कधी उघडेल कोणी सांगत नाही. अंजू आणि विनू दिवसभर घरात कोंडलेली असतात. मी जमेल तसं शिकवते, पण शास्त्र मला जमत नाही. तुम्ही आता मोकळ्या आहात, तर याल का?' मुलींच्या शाळेत तीस वर्षं शास्त्र शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. 'मोकळ्या' हा शब्द मला जरा लागला, पण मी तिकीट काढलं.

बेहाला

वसाहत चार मजली, पिवळ्या रंगाच्या सहा इमारतींची. समोर डायमंड हार्बर रोड, त्यावर ट्राम आणि बस, आणि प्रत्येक भिंतीवर काळ्या-तांबड्या अक्षरांत नक्षलवाद्यांच्या घोषणा. संध्याकाळी सातनंतर कोणी बाहेर पडत नसे. लांबून धडाम असा आवाज आला की आठ वर्षांचा विनू न घाबरता सांगे, "आत्या, बॉम्ब. दूर आहे." मला त्या आवाजापेक्षा त्याच्या शांतपणाचीच भीती वाटली.

पहिल्या दिवशी कुंदाने कौतुकाने अंजूला माझ्यापुढे उभं केलं. अकरा वर्षांच्या त्या मुलीने हात मागे बांधून परागीभवनाची व्याख्या म्हटली. इंग्रजीत, एका दमात, एकही शब्द न चुकता.

"म्हणजे काय गं?" मी मराठीत विचारलं.

तिने आईकडे पाहिलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली भोपळ्याचा वेल दिसत होता. पिवळी धमक फुलं, ताटलीएवढी. मी बोट दाखवलं. "त्या फुलात कधी डोकावून पाहिलंस?"

"तिकडे जायचं नाही," विनू म्हणाला. "चिखल आहे. मौमाछी चावतो." मौमाछी म्हणजे तिकडच्या भाषेत मधमाशी.

मी कुंदाला लागेल असं बोलले. पोपट पढवते आहेस, म्हणाले. खिडकीखाली फूल असताना पोरांना पुस्तकातलं फूल दाखवतेस, म्हणाले. ती पोळ्या लाटत राहिली. तिलाही कोणी तसंच शिकवलं होतं, हे मला समजायला हवं होतं. माझ्यासारख्याच एखाद्या बाईने शिकवलं असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी मुलांना घेऊन खाली उतरले. आमच्याकडे त्या वेळी काळोख असतो, तिकडे झुंजुमुंजू होऊन गेलेलं असतं. वसाहतीच्या मागच्या भिंतीलगत एक डबकं, त्याच्या काठाला पत्र्याची एक खोली, आणि खोलीभोवती चार गुंठ्यांत भोपळा, पालेभाजी आणि शेवग्याचं झाड. तिथे एक म्हातारी राहत असे. फाळणीनंतर पूर्व बंगालातल्या बरिशालहून सगळं टाकून आलेली. वसाहतीतली सगळी पोरं तिला ठाकुमा म्हणत, म्हणजे आजी. इमारती उठण्याआधीपासून ती तिथे होती. भाजी आमच्याच इमारतींत विकून तिचं चाले.

मी नियम केला. प्रत्येकाने एकच फूल निवडायचं, अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं, जो येईल त्याची वहीत खूण करायची. हात लावायचा नाही, हाकलायचं नाही. विनूने पहिल्या दिवशी दहा मिनिटांत दोनदा शूला जायचं आहे असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याला उठवायची गरज पडली नाही.

हळूहळू पाहुण्यांची ओळख पटली. लहानशी सातेरी मधमाशी फुलात शिरताना चालत जाते, बाहेर येते तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पिवळी झालेली असते. मोठा काळा भुंगा सरळ आपटतो, फूल हलतं. नरफुलाखाली नुसता दांडा असतो, मादीफुलाखाली बोराएवढा भोपळा आधीच तयार असतो, आणि पराग पोचला नाही तर तो पिवळा पडून गळतो. हे अंजूला मी सांगितलं नाही. तिने पाहिलं, आणि पाचव्या दिवशी तिनेच मला सांगितलं. तिची व्याख्या मराठीत होती, मोडकीतोडकी होती, मध्ये दोन बंगाली शब्द होते, आणि बिनचूक होती.

"आत्या, सातेरी आला!" विनू ओरडे. मी आधी 'आली' म्हण म्हणून दुरुस्त करत असे. मग सोडून दिलं. त्याचे डोळे फुलावर होते, ते मला व्याकरणासाठी हलवायचे नव्हते.

ठाकुमा आधी लांबून बघे. मग एक दिवस तिने जास्तीची नरफुलं खुडली, तांदळाच्या पिठात बुडवून तळली आणि आम्हाला केळीच्या पानावर दिली. आपणही भोपळ्याच्या फुलांची भजी करतो, पण बेसनात आणि तिखट. ही कुरकुरीत, आत काळं जिरं, खसखशीसारखं काहीतरी. मादीफुलाला ती हात लावू देत नसे. "ओटा मा," ती म्हणे. ती आई आहे.

ठाकुरपुकुरच्या पलीकडे

एका रविवारी वातावरण जरा निवळलं होतं. वसंत नको नको म्हणत असताना मी मुलांना घेऊन बसने ठाकुरपुकुरच्या पुढे गेले. तिकडे घरं संपून शेतं लागतात. पहाटेचे सहा. बांबूच्या मांडवांवर पटोलचे वेल होते. पटोल म्हणजे आपल्या तोंडल्याचा थोराड भाऊ. तिकडे तो रोज ताटात असतो. मांडवाखाली एक माणूस भराभर फुलं तोडत होता. तोडायचा, पाकळ्या ओरबाडायचा, पुढे जायचा.

माझं डोकं फिरलं. आठवडाभर मी पोरांना फुलाला हात लावू नका म्हणून बजावत होते. मी माझ्या हिंदीत त्याच्यावर ओरडले, "ये क्या कर रहे हो? फूल तोडेगा तो फल किधर से आयेगा?"

तो थांबला. मग हसू लागला, इतका की त्याने मांडवाचा बांबू धरला. तो अंजूशी बंगालीत बोलला. अंजूचा चेहरा आधी गोंधळला, मग उजळला.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "ते म्हणतात, पटोलचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. शेतात नर फार थोडे लावतात. मग माश्या सगळीकडे पोचत नाहीत. म्हणून ते स्वतः नरफूल घेऊन मादीफुलाला लावतात. एकेका फुलाला. रोज सकाळी."

त्याचं नाव निताई. त्याने पाकळ्या काढलेलं नरफूल विनूच्या चिमटीत दिलं आणि मादीफुलाला कसं अलगद टेकवायचं ते दाखवलं. त्याच्या बायकोने आम्हाला मुरमुरे आणि खजुराचा गूळ दिला. मी तीस वर्षं परागीभवन शिकवलं. वारा, पाणी, कीटक, पक्षी. या यादीत माणसाचा हात मी कधी घातला नव्हता. बसमध्ये माझा राग माझ्यावरच होता, आणि तो दिवसभर पुरला.

दातारांची पावडर

वसाहतीच्या समितीचे सेक्रेटरी एक मराठी गृहस्थ होते. त्यांना दातार म्हणू. जन्म कलकत्त्यातला, वडील तिथेच वकील होते. परमुलखात मराठी माणूस भेटला की आपला जीव सुखावतो. मी गेले त्याच आठवड्यात ते घरी येऊन गेले, पुरणपोळीचं आमंत्रण दिलं, जुन्या नाटकांतली पदं म्हटली. वसंतला क्वार्टर मिळताना त्यांनी मदत केली होती. मला ते आवडले होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

निताईकडे जाऊन आल्यावर चार दिवसांनी सकाळी आम्ही वेलाजवळ बसलो होतो. सात वाजले असतील. ठाकुमा डबक्याकडे गेली होती. भिंतीच्या कोपऱ्यावरून तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस आला. पाठीला डबा, हातात नळी. एकही शब्द न बोलता त्याने डीडीटीची पावडर मारायला सुरुवात केली. गटारावर, गवतावर, वेलावर, फुलांवर. पांढरा धुरळा उठला. मी ओरडले, अंजूला मागे ओढलं. माझा आवाज त्याच्या पंपात विरला.

धुरळा बसेपर्यंत विनू वेलाजवळच होता. त्याच्या फुलातली सातेरी खाली पडून पाय झाडत होती. त्याने ती उचलली. मग दुसरी. ओंजळीत सात-आठ जमल्या. तो रडत होता, आणि त्याच हातांनी त्याने डोळे पुसले.

पुढचा अर्धा तास मला सलग आठवत नाही. कुंदा अनवाणी जिना उतरून आली, त्याला नळाखाली धरलं, पाण्यावर पाणी मारलं. डॉक्टर आले. डोळे वाचले, पण दोन दिवस सुजून बंद होते. तो पलंगावर पडून विचारायचा, "आत्या, माझ्या फुलात आज कोण आला?"

कोणीही आलं नव्हतं. अंजू एकटी वही घेऊन जात असे. आधी अर्ध्या तासात तिच्या पानावर चाळीसेक खुणा होत असत. आता तीन. एकदा तर पान कोरंच. भुंगासुद्धा नाही. मादीफुलांखालचे इवले भोपळे पिवळे पडून ठाकुमाच्या पायाशी गळू लागले. ती ते पदरात गोळा करून मला दाखवी, आणि मला तिच्याकडे बघवत नसे.

मी दातारांच्या घरी गेले. त्यांनी चहा पुढे केला.

"मुलाचं ऐकून वाईट वाटलं, ताई. पण काय आहे, डास! मलेरिया! तुमच्या मुलांसाठीच तर करतो आम्ही."

"भोपळ्याच्या फुलात डास राहतात असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"त्या माणसाला सांगितलं, कंपाउंड कर. तो कंपाउंड करतो."

"आधी कळवता आलं नसतं? मुलं तिथे बसतात हे सगळ्या वसाहतीला माहीत आहे."

"मुलांनी तिथे बसायचं कशाला?" ते हसून म्हणाले. "आणि खरं सांगू? ती म्हातारी तिथे बेकायदा आहे. वेल वाळला तर आपोआप प्रश्न सुटेल. तुम्ही पाहुण्या आहात, कशाला डोक्याला त्रास करून घेता?"

चहा मी तसाच ठेवून उठले. ज्या माणसाने दोन आठवड्यांपूर्वी पदं म्हटली होती, तोच हे बोलत होता, आणि तितक्याच गोड आवाजात.

पण वेल तसाच सोडायचा नव्हता. माश्या नसतील तर हात होते. दुसऱ्या दिवसापासून अंजू आणि मी, आणि डोळे उघडल्यावर विनूही, साडेपाचला वेलावर. नरफूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या, मादीफुलाच्या आत अलगद फिरवायचं. फूल एकच सकाळ उघडतं, नऊनंतर मिटतं, त्यामुळे आळसाला जागा नव्हती. पावडर लागली असेल म्हणून हात साबणाने तीन-तीनदा धुवायचे. अंजूने प्रत्येक फुलाला दोरा बांधला. ठाकुमा डोळे बारीक करून बघत राही. मग तीही एक नरफूल घेऊन आमच्यात आली.

गच्चीवरची सभा

रविवारी समितीची सभा होती. मी अंजूला घेऊन गेले. वसंत समितीचा सभासद, तो पहिल्या रांगेत होता. अंजूने उभं राहून बंगालीत आपली वही वाचली. कुठल्या दिवशी किती माश्या, पावडरीनंतर किती, विनूचे डोळे, गळलेले भोपळे. तिचा आवाज आधी कापत होता, नंतर कापेनासा झाला. शेवटी ती म्हणाली, पावडर फक्त गटारावर मारा, आणि फुलं मिटल्यावर मारा.

टाळ्या पडल्या. "खूब भालो!" कोणीतरी म्हणालं. दातारांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मोठेपणी शास्त्रज्ञ होणार म्हणाले, तिला एक पेन बक्षीस दिलं. आणि पुढचा विषय घेतला, जिन्याचा रंग.

अकरा वर्षांच्या मुलीचं खरं बोलणं टाळ्यांखाली गाडून टाकण्याची ही जी रीत आहे, तिच्याइतका संताप मला त्या पावडरीचाही आला नाही. मी वसंतकडे पाहत होते. तो जिन्याच्या रंगाच्या कागदाकडे पाहत होता.

जेवताना मी विचारलं, "तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

"ताई, तू थोड्या दिवसांनी जाशील. मला इथे राहायचंय. दातारांशी रोजचा संबंध आहे."

"तुझ्या मुलाचे डोळे जाता जाता राहिले."

"मला माहीत नाही का?" तो ओरडला.

"आई गेल्यावर मी तुला वाढवलं, वसंता. असा नव्हता वाढवला."

तो ताटावरून उठला. पुढचे दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. कुंदा दोघांच्या मधून भाजी वाढत राहिली.

मग फलकावर सूचना लागली: शनिवारी सकाळी दुसऱ्यांदा पावडर. दोरे बांधलेल्या फुलांपैकी नऊ भोपळे लिंबाएवढे झाले होते आणि सातेरी पुन्हा एकदोन दिसू लागल्या होत्या. मी ठरवलं, त्या पंपवाल्यासमोर उभं राहायचं आणि सगळी वसाहत गोळा होईल असा आरडाओरडा करायचा. शुक्रवारी मी कुंदाला तसं सांगितलं.

"वन्सं, तुम्ही ओरडू नका," ती म्हणाली. "तुम्ही ओरडलात की दातारांना बरं वाटतं. तुम्ही मला पटोल धुऊन द्या."

शनिवारी सहाला कुंदा साताऱ्याहून नेलेली तिची विळी घेऊन खाली उतरली. वेलाच्या बरोबर मधोमध पाट मांडला, परातीत पटोल ओतले आणि चिरत बसली. थोड्या वेळाने शेजारच्या मुखर्जीबाई आपली बोंटी, म्हणजे पायाने दाबून धरायची त्यांची विळी, घेऊन आल्या. मग समोरची पंजाबी बाई मटार घेऊन. मग आणखी दोघी. कुंदाने आदल्या दिवशी कोणाकोणाच्या दारात जाऊन काय सांगितलं होतं, मला पत्ता नव्हता. विनूच्या सुजलेल्या डोळ्यांची गोष्ट मात्र प्रत्येक घरात पोचलेली दिसली.

पंपवाला आला. बायका बघून थांबला. परातींत चिरलेली भाजी, त्यावर पावडर कशी मारणार? त्याने डबा उतरवला आणि बिडी पेटवली. मग दातार आले, हातात वर्तमानपत्र.

"कुंदाताई, हे काय? इथे का बसलात?"

"भाजी चिरतेय."

"घरी चिरा ना."

"घरी उकडतं." तिने वर पाहिलंही नाही. "फुलं नऊला मिटतात. त्यानंतर गटारावर मारा पावडर. फक्त गटारावर. आम्ही तोवर बसतो."

दातार हसले, पण ते हसू त्यांना टिकवता आलं नाही. त्यांनी वर पाहिलं. आमच्या गॅलरीत वसंत उभा होता. खाली येईल म्हणून मी वाट पाहिली. तो आला नाही. दातार पंपवाल्याला काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. नऊनंतर गटारावर पावडर पडली. वेलावर पडली नाही.

त्या शनिवारी मला कुंदाची माफी मागायची होती. मी म्हणाले, "पटोल बारीक चिरलेस." ती म्हणाली, "हो ना." तिला कळलं असावं.

हावडा

माझी गाडी होती त्या दिवसापर्यंत सहा भोपळे नारळाएवढे झाले होते. तीन उंदरांनी नेले. ठाकुमाला अजून कोणी उठवलेलं नाही, पण समितीने तिला नोटीस दिली आहे, आणि ती नोटीस बंगालीत नाही, इंग्रजीत आहे. दातार अजून सेक्रेटरी आहेत. त्यांनी मला निरोपाला संदेश मिठाईची पेटी पाठवली. मी ती परत पाठवली. उद्धटपणा झाला, त्याचं मला काही वाटत नाही.

मुलं आणि कुंदा घरीच थांबली, त्या दिवशी हावड्याच्या बाजूला गडबड होती. वसंत एकटाच सोडायला आला. टॅक्सी केली. पुलावर हमाल, हातगाड्या, फुलांच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका. फलाटावर त्याने माझी वळकटी बाकाखाली सारली, सुरईत पाणी भरून आणलं, खिडकीची सळई धरून उभा राहिला. पंचेचाळिशीचा माणूस, केस पांढरे व्हायला लागलेले.

"मी गॅलरीतून बघत होतो, ताई."

"पाहिलं मी."

गाडीने शिटी दिली. तो खिडकीबरोबर दोन पावलं चालला.

"मी खाली यायला हवं होतं."

इतकी वर्षं तो पडला की मी 'जाऊ दे रे' म्हणत आले. तेच शब्द ओठावर आले होते. मी ते गिळले.

"हो," मी म्हणाले, "यायला हवं होतंस."

त्याने मान हलवली. गाडी सुटली.